पबमधील दोन यंत्रे आणि परवान्याचा प्रश्न

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टर येथे एक पब-रेस्टॉरंट चालवायला घेत आहे. पैसे टाकून खेळायची दोन यंत्रे तेथे आधीपासून आहेत. दोन यंत्रांपर्यंत परवाना लागत नाही, शिवाय त्यांतील एक खेळ कौशल्याचा असल्यामुळे तो जुगारच नव्हे, असे त्याला सांगण्यात आले आहे. हे खरे आहे का? – एक वाचक, मिरज

उत्तर : पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसऱ्यावर मात्र मुळीच विसंबू नये.

ब्रिटनच्या 2005 च्या जुगार कायद्यानुसार, जागेवरच मद्य पिण्यास देण्याचा परवाना असलेल्या ठिकाणी ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाची (तेथील सी आणि डी; हे वर्ग खेळायला लावायची रक्कम आणि बक्षीस यांच्या मर्यादेनुसार ठरतात) जास्तीत जास्त दोन यंत्रे ठेवण्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. परंतु मद्यपरवानाधारकाने स्थानिक कौन्सिलला तसे लेखी कळवून 50 पौंड शुल्क भरलेले असले पाहिजे. त्या जागेत ग्राहकांना मद्य देणारा बार असावा लागतो, आणि मद्य केवळ जेवणासोबतच द्यावे अशी अट परवान्यात असता कामा नये. आपल्या लोकांच्या अनेक रेस्टॉरंटांची अडचण नेमकी येथे होते, म्हणून भाच्याने सर्वप्रथम मद्यपरवान्यातील अटी नीट वाचाव्यात. ‘क’ वर्गाच्या यंत्रावर अठरा वर्षांखालील कोणालाही खेळू देता येत नाही. दोनपेक्षा अधिक यंत्रे ठेवायची झाल्यास कौन्सिलचा परवाना घ्यावाच लागतो.

कौशल्याबद्दलचा समज बहुधा इकडूनच गेला असावा. महाराष्ट्रात लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते. ब्रिटिश कायद्याची व्याख्या याच्या जवळजवळ उलट आहे : खेळात कौशल्याबरोबर नशिबाचाही अंश असेल, किंवा असामान्य कौशल्याने तो अंश नाहीसा करता येत असेल, तरीही तो नशिबाचाच खेळ धरला जातो. यंत्रावर कोणतेही बक्षीस मिळत नसेल, किंवा खेळायला भरलेल्या रकमेपेक्षा बक्षिसाची किंमत जास्त नसेल, तर मात्र परवान्याची गरज नाही. अर्थात अशा यंत्रावर पबमालकाची कमाई किती होणार, हा वेगळा प्रश्न.

आधीच्या मालकाने कौन्सिलला कळवले होते, एवढ्यावर भाच्याचे भागणार नाही, कारण ही सवलत मद्यपरवानाधारकाला मिळते आणि तो परवाना दुसऱ्याच्या नावावर गेला की संपते. परवाना भाच्याच्या नावावर होताच त्याने स्वतःच्या नावाने कौन्सिलला कळवून शुल्क भरावे आणि तोपर्यंत दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. यंत्रे पुरवणाऱ्याकडे तेथील गॅम्बलिंग कमिशनचा (जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) परवाना आहे का, हेही त्याने करारावर सही करण्यापूर्वी पाहावे.