थारला टिकाऊ ऑल-टेरेन टायर कोणते घ्यावेत? रोज पुण्यात, सुट्टीला मावळातल्या कच्च्या वाटा

असा मिश्र वापर असेल तर एटीच (ऑल-टेरेन) घ्या, एमटीच्या (मड-टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर) नादी लागू नका. एमटी चिखलात भारी, पण ओल्या डांबरावर पकड कमी आणि हायवेला कानाशी भुंगा.

आपल्याकडे टायर झिजण्याआधी कडेने फाटतो. बेसाल्ट फुटला की त्याला कोयत्यासारखी धार येते. माझा एक असाच गेला: वरची नक्षी नव्यासारखी, बाजूला बोटभर चीर. ही चीर पंक्चरवाल्याकडून जोडून घेऊन हायवेला जाऊ नये. म्हणून दुकानात आधी साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बघा. तिथे किती प्लाय (आतले थर) ते छापलेलं असतं. 3 प्लाय मिळाला तर उत्तम. एलटी (लाईट ट्रक) प्रकार जड असतो, मायलेज थोडं खातो, पण दगडांत तग धरतो.

शक्य असेल तर 16 इंची रिमच ठेवा. 245/75 आर16 ची भिंत साधारण 184 मिमी उंच, 255/65 आर18 ची 166. दगडावर आदळताना हा फरक कळतो.

चिखलात हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा. टोकदार दगडांत इतकी नको, बाजू फुगून बाहेर येते. डांबरावर आलात की लगेच भरा, म्हणजे गाडीत छोटा कॉम्प्रेसर हवाच.

आणि हो, टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. जुना माल 'सूट' म्हणून गळ्यात मारतात.