वाचक विचारतात : किट निगेटिव्ह आलं, पण ताटात गहू होता का?

सिलिॲकच्या घरगुती किटबद्दल या वेळी सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेले प्रश्न एकत्र घेत आहोत. ज्यांना हा आजार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲकमध्ये ते पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे रसांकुर झिजतात आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत.

प्रश्न : मुलीचं (वय 26) हिमोग्लोबिन साडेआठच्या वर जात नाही. लोहाच्या गोळ्या चार महिने चालू आहेत. पोट सारखं फुगतं. ऑनलाइन किट मागवून घरीच तपासलं, निगेटिव्ह आलं. आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, चपाती आठवड्यातून दोनदाच. मग सिलिॲक नाही असं धरायचं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य भाकरीचं आहे. किट ग्लुटेन शोधत नाही. ग्लुटेनमुळे रक्तात तयार होणारी टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडी शोधतं. गहूच पोटात जात नसेल तर आजार असूनही ती अँटीबॉडी कमी राहू शकते.

हिशेब करून बघा. सुमारे 30 ग्रॅम पिठाच्या एका चपातीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. आठवड्यातून दोनदा दोन-दोन चपात्या म्हणजे आठवड्याला 10 ग्रॅम, दिवसाला दीड ग्रॅमसुद्धा नाही. तपासणीवर भरवसा ठेवण्यासाठी गहू रोज, एकाहून जास्त जेवणांत आणि निदान सहा आठवडे पोटात गेलेला असावा लागतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, साबुदाणा यांत ग्लुटेन नाही. धपाटी, शेंगापोळी, शेवया, उपमा, पाव, बिस्किटं यांत आहे. हिंगाच्या डबीतही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, पण ते इतकं थोडं की तपासणीच्या हिशेबात धरू नका.

आता काय करायचं? आधी डॉक्टरांना दाखवा, कारण साडेआठ हिमोग्लोबिन घेऊन घरी प्रयोग करत बसण्यात अर्थ नाही. लॅबमध्ये टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए (आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार) या दोन्ही तपासण्या एकाच वेळी करून घ्या, उपाशी राहायची गरज नाही. दुसरी तपासणी का, तर सिलिॲकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांच्या शरीरात आयजीए जवळजवळ बनतच नाही. त्यांचं टीटीजी-आयजीए कायम निगेटिव्ह येणार. अशांसाठी आयजीजी प्रकारची वेगळी तपासणी असते. टीटीजी पॉझिटिव्ह आलं तर पक्क्या निदानाचा पुढचा रस्ता मोकळा. निगेटिव्ह आलं आणि डॉक्टरांची शंका कायम राहिली, तर त्यांच्या सल्ल्याने सहा ते आठ आठवडे रोज दोन्ही जेवणांत मिळून तीन-चार चपात्या खाऊन पुन्हा तपासा.

एवढ्यात बाकीची कारणंही पाहून घ्या : पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत, थायरॉइड, थॅलेसेमिया मायनर. आणि गोळी चहासोबत घेतली जाते का हेही विचारा. चहाने लोहाचं शोषण बरंच घटतं. असली साधी कारणं तपासणीच्या भानगडीत हमखास राहून जातात.

प्रश्न : किटच्या पट्टीवर एकही रेघ आली नाही. दुसरं किट आणलं तर अगदी पुसट रेघ आली. नेमकं करायचं कसं? (बार्शी)

उत्तर : पहिलं किट रद्द धरा. कंट्रोलची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ, उमटली नाही तर निकाल निगेटिव्ह नसतो, निकालच नसतो. रक्त कमी पडणं किंवा पट्टी खराब असणं ही नेहमीची कारणं. काही किटमध्ये कंट्रोलची रेघ एकूण आयजीएवर अवलंबून असते. त्या किटमध्ये रेघ दुसऱ्यांदाही आली नाही तर आयजीएची कमतरता असू शकते, म्हणून माहितीपत्रक नीट वाचा.

आपल्याकडे किट उन्हाने बिघडतं. बहुतेक किट 2 ते 30 अंशांत ठेवायची असतात, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार असतो. कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापून आलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवलेलं किट वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, पण पाकीट तेव्हा फोडू नका. गार पट्टीवर बाष्प धरतं.

हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, हात मिनिटभर खाली सोडा. मधल्या किंवा अनामिकेच्या पेराच्या कडेला टोचा, मधोमध नको, तिथे जास्त दुखतं. पहिला थेंब कापसाने पुसून टाका. दुसरा थेंब आपसूक मोठा होऊ द्या. बोट पिळून काढलं की रक्तात पेशीभोवतीचं पाणी मिसळतं आणि नमुना पातळ होतो. नळी खुणेपर्यंत भरा, मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर रक्त कमी पडलं समजा. मग द्रावणात मिसळून पत्रकात दिले तेवढेच थेंब घाला आणि घड्याळ लावा. ठरलेल्या वेळेआधी पाहू नका, नंतरही पाहू नका. पट्टी वाळल्यावर खोट्या रेघा दिसतात.

वेळेत दिसलेली पुसट रेघ बहुतेक किटमध्ये पॉझिटिव्ह धरतात. तिचा उजेडात फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो. टोचणी जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, घंटागाडीत उघडी टाकू नका.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाचं किट पॉझिटिव्ह आलं. डॉक्टर लॅबची तपासणी आणि लागली तर दुर्बीण सांगतात. त्यापेक्षा गहू बंद करून बघितलं तर चालणार नाही का? घरात सगळे ज्वारीच खातात, त्रास काहीच नाही. (मंगळवेढा)

उत्तर : नको. गहू सोडणं तुमच्याकडे सोपं आहे, धोका तिथेच आहे. गहू बंद होताच अँटीबॉडी उतरू लागते, आतडं भरून येतं, आणि पुढे पक्कं निदान करायचं म्हटलं तर मुलाला पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो. पथ्य जन्माचं आहे, म्हणून निदान पक्कं हवं. निकाल हाती येईपर्यंत त्याला रोज चपाती द्या.

किट फक्त रेघ दाखवतं, आकडा देत नाही. मुलांच्या बाबतीत आकडाच कामाचा असतो. लॅबमधलं टीटीजी-आयजीए सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटीबॉडीही सापडली, तर युरोपच्या 2020 सालच्या बालपोटविकार मार्गदर्शनानुसार बायोप्सी, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासणं, टाळता येते. म्हणजे दुर्बीण टाळायचा रस्ताही लॅबमधूनच जातो. आकडा त्याहून कमी असेल तर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले निदान चार-पाच तुकडे घेतले जातात. एवढे लागतात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, एकच तुकडा नेमका चांगल्या जागेचा येऊ शकतो. गुंगी देऊन करतात, तुकडा घेताना दुखत नाही.

निदान झालं तर आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करा, रक्ताच्या जवळच्या नात्यात दहा-बारा जणांत एखाद्याला हा आजार निघतो. आणि तेव्हा गिरणीकडे लक्ष द्या. गव्हानंतर त्याच जात्यातून दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ येतं. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन, म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग, एवढंही रुग्णाच्या आतड्याला इजा करू शकतं. घरगुती गिरणी घेऊन तिच्यात गहू कधीच न दळणं उत्तम.

प्रश्न : यजमानांनी सहा महिन्यांपूर्वी गहू सोडला, आता फक्त खपली गहू खातात. बरं वाटतं. किट करावं का? (अक्कलकोट)

उत्तर : खपली हाही गहूच, त्यात ग्लुटेन आहे. ‘पचायला हलका’ म्हणून विकला जातो, पण सिलिॲकच्या रुग्णाला चालत नाही. म्हणजे यजमानांनी ग्लुटेन सोडलेलंच नाही! खपली रोज दोन्ही वेळा खात असतील तर किटऐवजी थेट लॅबमध्ये टीटीजी करा. अधूनमधून खात असतील तर निगेटिव्ह निकाल ग्राह्य धरू नका. गहू पुन्हा सुरू करायची तयारी नसेल तर जनुकीय तपासणीचा पर्याय आहे. तिला खाण्याचं बंधन नसतं. डीक्यू 2 आणि डीक्यू 8 ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास बाद. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, निरोगी माणसांतही साधारण तिघांत एकाकडे ती असतात. गहू खाल्ल्यावर कधी अंगावर गांधी, ओठ सुजणं किंवा दम लागणं झालं असेल तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी घरी गहू खाऊन बघणं धोक्याचं आहे.

प्रश्न : ‘शंभर पदार्थांची सहनशीलता’ सांगणारं किट मिळतं. त्यात गहूही असतो. (सोलापूर)

उत्तर : घेऊ नका. त्यात मोजली जाणारी आयजीजी अँटीबॉडी तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगते. अहवालात ज्वारी लाल रंगात आली म्हणून भाकरी बंद करू नका. शौचातलं ग्लुटेन शोधणारं किट मात्र खरं असतं, पण ते निदान झालेल्यांना पथ्य सांभाळलं जातंय का हे पाहायला, निदानासाठी नाही.