वाचक विचारतात : ऑफिसच्या राउटरचं सेटिंग आपलं आपण कसं करायचं?

प्रश्न : आमचं कराडला टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, पाच कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. फायबरचं कनेक्शन आहे पण कंपनीने दिलेल्या डब्याची रेंज आतल्या खोलीत येत नाही म्हणून नवीन राउटर आणला. आधीचं सगळं ज्या मुलाने बसवलं तो आता पुण्याला असतो, तो फोनवर सांगतो ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाका. मोबाइलवर टाकलं की कधी गुगलचं सर्च येतं, कधी पान उघडतच नाही. वीस तारीख जवळ आली की जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची घाई असते, तेव्हा नेट बंद पडून चालत नाही. राउटरचं सेटिंग कसं करू? – एक वाचक, कराड

उत्तर : नमस्कार. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. राउटरच्या सेटिंगचं ते पान इंटरनेटवर नाहीये, ते तुमच्या राउटरच्या आतच साठवलेलं आहे. म्हणून नेट चालू नसलं तरी ते उघडतं आणि नेट चालू असूनही राउटरला जोडलेले नसाल तर उघडत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९० च्या दशकापासून खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत, त्यामुळे तुमच्या शेजारच्या दुकानातल्या राउटरचा पत्ताही हाच असू शकतो, दोघांची एकमेकांना काही अडचण नाही.

मोबाइलवर का होत नाही? नवीन राउटरच्या वायफायला अजून नेट नाही, हे फोनला कळतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो, मग तिकडे हा पत्ता शोधून काय मिळणार. मोबाइल डेटा बंद करा, किंवा माझं ऐकाल तर मोबाइल बाजूलाच ठेवा आणि लॅपटॉप घेऊन केबलने बसा, कारण वायफायचं नाव-पासवर्ड बदललं की वायफाय तुटतं आणि माणूस गोंधळतो, केबलला तो त्रास नाही. राउटरच्या मागे एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं, फायबरच्या डब्यातून येणारी केबल त्यात, आणि लॅपटॉपची केबल बाकीच्या लॅन पोर्टपैकी कुठल्याही एकात. ही अदलाबदल मी फार वेळा बघतो. फायबरच्या डब्याची केबल चुकून लॅन पोर्टमध्ये गेली की लॅपटॉपला पत्ता फायबरचा डबा द्यायला लागतो आणि तुम्ही नवीन राउटर समजून भलत्याच डब्याचं पान उघडून बसता.

आता पत्ता अंदाजाने टाकू नका. विंडोजच्या सर्चमध्ये cmd टाकून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा, ipconfig टाइप करून एंटर मारा, त्यात डीफॉल्ट गेटवे अशी ओळ येईल, तिच्यापुढे जो आकडा दिसतो तोच तुमच्या राउटरचा पत्ता. कुणाचा १९२.१६८.०.१ असतो, कुणाचा १९२.१६८.१.१, काहींचा अजून वेगळा. तिथे गेटवे रिकामा आणि वर आयपी, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही, केबल नीट बसवा नाहीतर दुसऱ्या पोर्टात घालून बघा. मिळालेला आकडा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका, आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरक्या रेघा लावल्या की सर्चला जात नाही. इथे मासिकात मराठी आकडे छापलेत, टाइप करताना इंग्रजीच टाका, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडत नाही ना तेवढं बघा. चुकून सर्च उघडलंच तर त्यातल्या कुठल्याही लिंकवर जाऊ नका, हेल्पलाइन म्हणून दिलेल्या नंबरवर तर अजिबात फोन करू नका. ब्राउझरने नॉट सिक्युअर असं दाखवलं तर घाबरायचं कारण नाही, पान तुमच्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे. हीच सूचना बँकेच्या साइटवर आली तर मात्र तिथून लगेच बाहेर पडायचं.

पान उघडलं की लॉगिन मागेल. नवीन राउटर पहिल्यांदा तुम्हालाच पासवर्ड ठरवायला सांगतात, जुन्यांमध्ये तो खालच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ॲडमिन (admin). पुढे कनेक्शनचा प्रकार विचारतो, इथे लोक अडकतात. फायबरचा डबा स्वतःच लॉगिन करून नेट देत असेल तर डायनॅमिक आयपी निवडायचं, विषय संपला. डबा ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढे सोडत असेल, तर पीपीपीओई (राउटरनेच लॉगिन करायचा प्रकार) निवडून कंपनीने दिलेला युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो, तो वायफायचा पासवर्ड नव्हे, वेगळा असतो, कनेक्शन घेतानाच्या कागदावर किंवा मेसेजमध्ये सापडेल, नाहीतर कस्टमर केअरला विचारून घ्या. लोकल केबलवाल्याचं नेट असेल तर अजून एक भानगड असते, काहीजण जुन्या मशीनचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक मशीनचा वेगळा ओळख क्रमांक) लॉक करून ठेवतात, मग सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही, अशा वेळी केबलवाल्यालाच फोन करून नवीन राउटरचा मॅक सांगायचा.

सगळं केलं तरी नेट येत नाही आणि फायबरच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.०.१ च आहे असं दिसलं तर दोघांचा एकच पत्ता झालाय. नवीन राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा करून टाका, सेव्ह केल्यावर पान बंद पडेल, ते पडणारच, नवीन पत्त्याने परत उघडा.

आणि एक नक्की करा, फायबरच्या डब्याचं वायफाय बंद करा. नाहीतर बाहेरचे तीन कॉम्प्युटर जुन्या वायफायवर, आतले दोन नव्यावर, आणि बाहेरच्यांना प्रिंटर दिसेना, टॅलीचा डेटा उघडेना, असं होतं, कारण बाहेरच्यांसाठी राउटरच्या आतलं नेटवर्क बंद दार असतं. पाचही मशीन आणि प्रिंटर एकाच राउटरखाली आणा. जुन्या वायफायची बाहेर गरजच असेल तर नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, मग तो फक्त रेंज वाढवायचं काम करतो आणि सगळे एकाच नेटवर्कमध्ये राहतात.

आता जे लोक नेट चालू झाल्याच्या आनंदात सोडून देतात ते. ॲडमिनचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगळे ठेवा. वायफायचा ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत असतो, ॲडमिनचा फक्त मालकाला आणि अजून एका विश्वासातल्या माणसाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणं किती महागात पडतं ते २०१६ मध्ये जगाने बघितलंय. मिराई नावाच्या व्हायरसने असेच फॅक्टरी पासवर्ड एकामागून एक टाकून बघत लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पाडल्या. तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, बॅलन्सशीट असतात, ती माणसं विश्वासाने तुमच्या हातात देतात, त्यामुळे हे आळसावर सोडू नका. वायफायला सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा, त्याचा पिन आठ आकडी दिसतो पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा हिशोबाने ठरलेला असतो, म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो फुटतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. रिमोट मॅनेजमेंटही बंद, बाहेरून कुणाला तुमचं पान उघडायची गरज नाही. ज्याने आधी बसवलं तो मुलगा कितीही चांगला असला तरी पासवर्ड तुमच्याकडे पाहिजे, त्याच्या डायरीत नको.

प्रश्न : तुमच्या सल्ल्याने राउटर बसवला, नेट मस्त चाललंय. पण प्रिंटर दर आठवड्याला ऑफलाइन दाखवतो, काढून परत ॲड केला की चालतो. लाइट गेल्यावर तर हमखास. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लाइट गेल्यावर हमखास होतं हे सांगितलंत ते बरं झालं, तिथेच उत्तर आहे. राउटर प्रत्येक मशीनला पत्ता वाटत असतो, तो कायमचा नसतो. लाइट येते, सगळे एकदम पत्ता मागतात, काल प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १०३ होता तो आज १०६ होतो आणि कॉम्प्युटर १०३ वरच प्रिंट पाठवत बसतात. राउटरच्या पानावर डीएचसीपी नावाचा भाग आहे, त्यात ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा, जोडलेल्या मशीनच्या यादीतून प्रिंटर निवडा आणि त्याला एक पत्ता कायमचा देऊन टाका. यादीत नाव ओळखू येत नसेल तर प्रिंटरमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्या, त्यावरचा मॅक ॲड्रेस जुळवा. मग प्रिंटर बंद-चालू करा आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर तो एकदा त्याच आयपीने ॲड करा, पोर्टचा प्रकार टीसीपी/आयपी निवडून. सगळ्या मशीनवर करायला थोडा वेळ जाईल पण परत हा विषय येणार नाही. आणि राउटर व फायबरचा डबा दोन्हीला एक छोटा यूपीएस लावा, राउटरसाठीचे १२ व्होल्टचे मिळतात, घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

प्रश्न : चिपळूणला आमची ट्रॅव्हल एजन्सी आहे. येणारा प्रत्येक कस्टमर वायफाय मागतो, नाही म्हणता येत नाही. स्टाफला मात्र स्लो मिळतं. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाहुण्याला नाही म्हणू नका, पण त्याला वेगळ्या दाराने घ्या. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करून वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्या आणि गेस्टना लोकल नेटवर्क बघू देण्याचा पर्याय बंद आहे ना ते तपासा, मग कस्टमरच्या फोनमधून तुमचे कॉम्प्युटर दिसणार नाहीत. गेस्टला स्पीडची मर्यादा घालायची सोय असेल तर तीही घाला. स्टाफच्या मशीन ५ गिगाहर्ट्झवर घ्या, ते जोरात चालतं पण भिंतीपलीकडे कमी पडतं. दूरच्यांना २.४ ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यापैकीच एक निवडा, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. बाजारपेठेत प्रत्येक दुकानात राउटर असतो, त्यामुळे फोनवर एखादं वायफाय ॲनलायझर ॲप टाकून कुठल्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते बघा. टेबलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरला मात्र सरळ केबल ओढा, त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही.

प्रश्न : ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. रिसेट मारला तर काय होईल? – एक वाचक, परभणी

उत्तर : सगळं पुसलं जाईल, वायफायचं नावसुद्धा, म्हणून तयारीशिवाय हात लावू नका. आधी पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड कंपनीकडून मागवून कागदावर घ्या, वायफायचं नाव-पासवर्ड लिहून ठेवा, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचे आयपी टिपून ठेवा. ऑफिस सुटल्यावर, राउटर चालू असताना, मागच्या बारीक भोकात पिन घालून दहाएक सेकंद दाबून धरा, दिवे एकदम लुकलुकले की सोडा. फायबरच्या डब्याला मात्र हे करू नका, त्यात कंपनीची स्वतःची सेटिंग असतात, ती गेली की त्यांचा माणूस येईपर्यंत ऑफिस बंद. वायफायची नाव-पासवर्डची जोडी आधीचीच दिलीत तर सगळे फोन-लॅपटॉप आपोआप जोडले जातील. सगळं लागलं की त्याच पानावर बॅकअपचा पर्याय असतो, ती फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, पुढच्या वेळी रिस्टोअर केलं की काम झालं. ही फाइल त्याच मॉडेलवर चालते, राउटर बदललात तर परत हाताने भरावं लागेल.