आधी वाड्यावर जा, मग गॅटनला

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. ऑस्ट्रेलियात गॅटनला पशुवैद्यकाच्या पदवीसाठी जागा मिळाल्याची बातमी तुझ्या आईनं त्याआधीच फोनवर दिली होती. बोलता बोलता तिचा गळा दाटला, आणि माझाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकायला गेले तेव्हा वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो. आळीतल्या बायका आईला विचारायच्या, "पोरीला ढोरांची डॉक्टर करून काय मिळवणार?" आज त्याच आळीतली पोर क्वीन्सलँड विद्यापीठात चालली आहे. बारावीला जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवलंस, ते आता कामाला आलं.

आता तुझ्या यादीबद्दल. निकाल लागून गेला, तिकडचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. मधल्या मोकळ्या महिन्यांसाठी तू लिहिलं आहेस: लडाख, केरळ, मैत्रिणींसोबत बाली, आणि "जमलं तर पुण्यातल्या एखाद्या पेट क्लिनिकमध्ये अनुभव". लडाखला जरूर जा, मनसोक्त फिर. बाकीचे महिने मात्र मला दे. का, ते सांगते.

तिकडची परीक्षा देऊन, परवाना मिळवून मी क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाच्या बाजूला नोकरीला लागले, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात गाभण तपासणीला गेलो होतो. लोखंडी खोड्यात एकामागून एक गाय येत होती, आणि मधेच एक राखाडी गाय आत आली. हे एवढं वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, लांब कान. माझा हात तिथंच थांबला. ही तर आपलीच! ब्राह्मन म्हणतात तिला. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरं अमेरिकेत गेली, त्यांच्यापासून तिथं ही जात घडली, आणि 1933 मध्ये टेक्सासहून ती क्वीन्सलँडला आली. उत्तरेकडच्या उन्हात आणि गोचिडांत विलायती गुरं टिकत नव्हती, ही टिकली. आज तिकडच्या निम्म्या कळपांकडे बघ, कुठे ना कुठे वशिंडाचा उंचवटा दिसेलच.

मेंढीची गोष्ट तर याहून जवळची. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजानं सिडनीला गेल्या. सुंदरबनातली गारोळ मेंढी लहानखुरी असते, पण एका वेताला दोन-तीन कोकरं देते. तोच गुण पुढे ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोत दिसला आणि त्यामागचं जनुकही सापडलं. आता फलटणला जा. निंबकर कृषी संशोधन संस्थेत याच गारोळचा संकर आपल्या दख्खनी मेंढीशी करून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली आहे. दख्खनीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं, हिला जुळी होतात. ज्या जनुकाबद्दल तू गॅटनच्या वर्गात ऐकशील, ते तुझ्या गावापासून एसटीच्या अंतरावर चरतंय. आधी परवानगी मागून जा, तिथल्या लोकांना सगळं विचार, वही भरून आण.

पण फलटणचं खरं काम संस्थेत नाही, वाड्यावर आहे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणाऱ्या धनगरांच्या तळावर. दिवाळीनंतर त्या भागातले धनगर मेंढ्या घेऊन कोकणाकडे निघतात. घोड्यांवर बिऱ्हाड, मागे कुत्री, वाटेत खतासाठी ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या त्याच्याकडून धान्य नाहीतर पैसे. माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांच्याशी मी बोलले आहे. पंधरा दिवस त्यांच्याबरोबर चाल. डॉक्टरीणबाई होऊन जाऊ नकोस, तू अजून झालेली नाहीस. पाणी भर, कोकरं उचल, रात्री वाघरीपाशी, मेंढ्यांभोवतीच्या जाळीपाशी झोप. पहाटे मेंढ्या उठतात तेव्हा बाई नुसती उभी राहून कळपावरून नजर फिरवते आणि म्हणते, "ती काळ्या कानाची आज मागं हाय." तिला ते कशावरून कळलं हे तुला पंधराव्या दिवशी सांगता आलं पाहिजे. मान किती खाली आहे, कान कुठे आहेत, रवंथ सुरू आहे का, लेंडी कशी पडली आहे, इतर मेंढ्या उठल्यावर ती किती वेळानं उठली. पहिल्या वर्षाच्या सगळ्या पुस्तकांत मिळून हे तुला असं दिसणार नाही.

हे मी इतक्या तळमळीनं का लिहिते, तेही सांगते. इथल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, माण तालुक्यात, एका म्हातारीच्या गाभण म्हशीला बघायला मला बोलावलं होतं. म्हैस ऊठबस करत होती, खात नव्हती. म्हातारी म्हणाली, "हिचं प्वाट दुखतंय, पन त्ये चाऱ्याचं दुखनं न्हाई. काल सांजेपासनं शेपटी निराळी धरलीया." मी डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खळग्यावर हात ठेवला, अपचनाचं औषध दिलं आणि निघून आले. आत हात घालून तपासलंच नाही. गर्भाशयाला पीळ पडला होता. वेळेत कळलं असतं तर पोटावर फळी ठेवून, म्हशीला लोळवून तो सोडवता आला असता. दुसऱ्या दिवशी म्हैस गेली आणि पोटातलं रेडकूही गेलं. म्हातारी मला एक शब्दही वाईट बोलली नाही, चहा केला. त्या घरात दुसरी म्हैस नव्हती. इतकी वर्षं झाली, पण मालक काही सांगायला लागला की आजही माझे हात आपोआप थांबतात आणि मी आधी ऐकून घेते. तुला हे शिकायला कुणाची म्हैस जायला नको.

म्हणून हातांची थोडी सवय इथंच कर. गायीच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धर आणि घड्याळ लाव. दोन मिनिटांत पोट दोन-तीन वेळा तुझी मूठ बाहेर ढकलेल, तेव्हा पोट चालू आहे. शंभर निरोगी गायींना हात लावलास की एकशे एकावी आजारी असेल तर हात सांगेल. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात एक दिवस घालव. व्यापारी ओठ वर करून, दात बघून जनावराचं वय आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं पटकन सांगतात, ते बघून शिक. मजा म्हणजे ऑस्ट्रेलियातला मेंढपाळही दातांवरूनच बोलतो, "टू-टूथ", "फोर-टूथ", "फुल माउथ". तिथं पहिल्या दिवशी हे शब्द कानावर पडले की तुला सांगोल्याचा धुरळा आठवेल.

वेळ उरला तर पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या डोंगरात डांगी गुरं बघ, धो धो पावसात ती कशी निवांत चरतात. आणि उत्तरेकडे गेलीस तर मुक्तेश्वर. 1889 मध्ये पुण्यात सुरू झालेली जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा 1893 मध्ये तिथं, हिमालयाच्या कुशीत नेली. कारण बुळकांड्यासारखा रोग हाताळायचा तर माणसांपासून, गुरांपासून दूर जागा हवी. गावंच्या गावं रिकामी करणारा तो रोग 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग, आणि तो जनावरांचा. त्या जुन्या इमारतींसमोर उभी राहा.

फिरायला निघण्याआधी मात्र एक काम. रेबीजची पूर्वलस घे: पहिला डोस, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, पण तिथल्या वटवाघळांत त्याच जातीचा विषाणू आहे, म्हणून महाविद्यालय ही लस मागतंच. मग ती इथल्या भटकंतीआधीच का घेऊ नये? वाड्यावर कुत्री असणारच. धनुर्वाताचीही बघून घे. नोंदीचे कागद जपून ठेव.

दुसरी लस तिकडे गेल्यावर: क्यू फीवरची. 1930 च्या दशकात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांना येणारा ताप कुणालाच ओळखेना, म्हणून डॉक्टरांनी त्याला 'क्वेरी' म्हणजे प्रश्न, त्यातलं 'क्यू' हे नाव दिलं. शेळ्या-मेंढ्या-गायींच्या वारेतून, गर्भजलातून तो पसरतो. लस देण्याआधी रक्ताची आणि कातडीवरची चाचणी घेतात. ज्याच्या शरीराची त्या जंतूशी आधीच गाठ पडली आहे, त्याला लस दिली तर जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. तू लहानपणापासून शेळ्यांत वाढलीस, आता वाड्यावर जाशील. तिथल्या डॉक्टरला हे सगळं नीट सांग, लपवू नकोस. आणि वाड्यावर मेंढी व्यायली तर हातमोजे घातल्याशिवाय वारेला हात लावायचा नाही. धनगरीण हसली तरी चालेल. मेंढी गाभडली, गर्भ पडला असेल तर हातमोजे घालूनही लांब राहा.

आता कठीण भाग. तुझ्या घरात म्हातारा बैल दावणीलाच मरतो, आजी त्याच्या तोंडात पाणी घालते. तिकडे शिकताना तुला कत्तलखान्यात उभं राहावं लागेल, मांस तपासणी हा अभ्यासाचा भाग आहे. पाय मोडलेल्या वासराचा मालक तुला सांगेल, संपव. दुष्काळात कळपातली कुठली गुरं ठेवायची आणि कुठली नाही, हा हिशेब तुझ्यासमोर मांडला जाईल. ही माणसं निर्दय नसतात. हजार गुरांच्या मालकाला मी एका गाईसाठी रडताना पाहिलं आहे. पण तुझ्या पोटात पहिल्यांदा गोळा येईल, तो परक्या देशात, एकटी असताना येऊ नये. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विनंती कर, एखादं शवविच्छेदन बघू देतात का विचार. एखाद्या पांजरपोळातही आठवडाभर काम कर. तिथं वेदनेत तळमळत, पण जिवंत ठेवलेली जनावरं असतात. दोन्ही बघ, आणि आपल्याला काय वाटतं ते रोज रात्री लिहून ठेव. आजीलाही सांग. तिला कळणार नाही असं धरून चालू नकोस, तिनं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जनावरं मरताना पाहिली आहेत.

याच संदर्भात आणखी एक. आमच्या व्यवसायात तिकडे मन खचणाऱ्यांचं प्रमाण काळजी करण्याइतकं जास्त आहे. लांबलचक कामाचे तास, कर्ज, रोजचं मरण. दर रविवारी तू मला फोन करायचास, चांगलं चाललं असेल तरी आणि वाईट चाललं असेल तर हमखास.

पैशांचं बाबांशी मी सविस्तर बोलेन. पाच वर्षांची फी आणि राहणं मिळून आकडा कोटीच्या पुढे जातो, घरावर कर्ज काढायचं असेल तर सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. शिकता शिकता काम करून भागवीन, हा हिशेब धरू नकोस. विद्यार्थी व्हिसावर सत्रात पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, आणि सुट्ट्या गोठ्यांवरच्या अनुभवात जातात. परत येऊन इथं काम करायचं मनात असेल तर भारतीय पशुवैद्यक परिषदेला या पदवीच्या मान्यतेबद्दल आत्ताच लेखी विचार आणि उत्तर फाईलला लाव.

आणि बाली. मैत्रिणींना हवं तर सप्टेंबरात जाऊन या, जानेवारीत नको. 2022 मध्ये इंडोनेशियात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग पसरला तेव्हा तिथून येणाऱ्या प्रवाशांसाठी ऑस्ट्रेलियानं विमानतळांवर जंतुनाशकाच्या पायपुसण्या अंथरल्या. त्या देशात हा रोग 1872 नंतर आलेला नाही, आणि आपल्याकडे तो घरचा पाहुणा आहे. विमानातून उतरताना जे कार्ड भरायचं असतं त्यावर विचारतात, गेल्या 30 दिवसांत शेतावर, जनावरांजवळ होतीस का? खोटं लिहू नकोस. शक्यतो प्रश्नच उरू नये म्हणून मकर संक्रांतीला तुझी भटकंती संपव. वाड्यावर वापरलेले बूट इथंच ठेवून जा, कपडे गरम पाण्यात धू, आईच्या हातचं तूप आणि बियांची पुरचुंडी बॅगेत घालू नकोस. ज्या मुलीला पुढे दुसऱ्यांच्या गोठ्यात रोग शिरू द्यायचा नाही, तिनं सुरुवात स्वतःच्या टाचांपासून करावी.

वाड्यावरून निघताना ती माणसं तुला घोंगडी देतील, मला माहीत आहे. माझीही त्यांनीच दिलेली आहे. नीट धुऊन, वाळवून घे, वरच ठेव, आणि कार्डावर लोकर आहे म्हणून लिही. अधिकारी उघडून बघेल, झटकेल, वास घेईल. माझ्या वेळी त्यानं विचारलं होतं, ही कुठली मेंढी? मी रांगेतल्या लोकांना ताटकळत ठेवून त्याला दख्खनीबद्दल दहा मिनिटं सांगितलं.

दिवाळी झाली की मला कळव. वाडा त्या दिवशी कुठे बसला आहे हे फलटणला पोचल्यावरच समजतं, सकाळी आठच्या आत फोन लागतो.

तुझी,
डॉक्टर मावशी