बागेचे प्रश्न: वाफा किती रुंद ठेवायचा?

प्रश्न: नागपूरच्या बेसा भागात ३० × ५० फुटांच्या प्लॉटवर नुकतंच घर बांधलं. समोर कंपाउंडच्या भिंतीलगत १२ × १० फूट जागा उरली आहे. मिस्त्री म्हणताहेत, विटा शिल्लक आहेत तर १२ × ८ चा एकच मोठा वाफा बांधून टाकू. बांधू द्यावा का?

उत्तर: नका बांधू. वाफा १०-१२ फूट लांब चालतो, रुंदी मात्र तुमचा हात ठरवतो. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसा, टाच न उचलता हात पुढे करा आणि मोथ्या तणाची गाठ जोर लावून उपटता येईल तिथे खूण करा. नुसती बोटं टेकतात ती जागा धरू नका. बहुतेकांची खूण २ फुटांच्या आसपास पडते. म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर रुंदी ४ फूट, एका बाजूला भिंत असेल तर २ फूट. मिस्त्रींच्या वाफ्यात ८ पैकी ६ फूट तुमच्या हाताबाहेर राहतील. मग निंदायला आत पाय ठेवणं आलं, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत ओलीवर पाय पडला की तिथली हवा निघून जाते. वाळली की तीच जागा ढेकळासारखी कडक होते, भेगा पडतात आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यानंतर एखाद्या वाफ्यात फक्त मधली रोपं पिवळी दिसली, तर आधी पायाचे ठसे शोधा, मग खताचा विचार करा.

तुमच्या जागेत असं बसवा. भिंतीलगत १२ फूट लांब, २ फूट रुंद पट्टा. त्यापुढे दीड फूट वाट. मग ४ × १० चा मधला वाफा, त्याच्या एका टोकाला वळायला २ फूट मोकळे. घराच्या बाजूला अडीच फूट उरतात, तिथून पाइप ओढता येतो आणि घमेलं घेऊन चालताही येतं. लागवडीला ६४ चौरस फूट मिळतात. मिस्त्रींच्या वाफ्याचे ९६ होते, पण त्यातल्या तीन चतुर्थांश जागेत तुम्हाला हात घालता आला नसता.

वाफे १०-१२ फुटांहून लांब नकोत, याचं कारण माणसाचा स्वभाव. वळसा लांब वाटला की घरातलं कुणीतरी वाफ्यातूनच उडी मारून जातं.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींशी आधीच बोलून घ्या: माप आतलं की बाहेरचं? वीट आडवी लावली तर एका बाजूला ४ इंच खाते, कडेवर उभी लावली तर ३. बाहेरून मोजलेल्या २ फुटांच्या पट्ट्यात माती जेमतेम १६-१८ इंचच राहते. सिमेंट कालवण्याआधी खुंट्या ठोकून सुतळी ताणा आणि चार दिवस तशीच राहू द्या. गाडी काढताना, कपडे वाळत घालताना ती कुणाच्या पायात अडकते ते बघा, आणि तेवढी सरकवा.

प्रश्न: ३ × १० च्या वाफ्यात झेंडूची १०० रोपं लावली. उंच झाली, आडवी पडली, खालची पानं काळी पडून गळाली. नर्सरीवाल्यानं रोपं खराब दिली का?

उत्तर: रोपांना दोष देऊ नका, गर्दी तीनपट झाली. मोठ्या फुलाच्या झेंडूला दोन रोपांत १ फूट लागतो आणि कडेपासून अर्धा फूट. तुमच्या वाफ्यात तीन ओळी, दर ओळीत दहा, म्हणजे ३० रोपं. ठेंगण्या फ्रेंच झेंडूला ९ इंच पुरतात, तो ४ ओळींत ५२ पर्यंत मावतो. शेवंती, पिटुनिया, साल्व्हियाला १ फूट धरा. गुलाबाला अडीच फूट, म्हणजे ३ फुटी वाफ्यात एकच ओळ आणि त्या ओळीत चारच झाडं. सुरुवातीला वाफा उघडा बोडका दिसतो, आणि त्या दिसण्यापायीच जास्तीची रोपं घेतली जातात. दीड महिना धीर धरा. दाटीत वारा फिरत नाही, पावसाळ्यात पानं दिवसभर ओली राहतात आणि बुरशी धरते. उजेडासाठी चढाओढ लागून खोड लांबतं ते वेगळंच. उरलेली रोपं कुंडीत लावा किंवा शेजारी द्या.

पुढच्या वेळी उंचीही बघा. मोकळ्या वाफ्यात रोपाची उंची वाफ्याच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत असली की डोळ्याला बरी वाटते. ३ फुटी झेंडू दीड फुटी पट्टीत कुंपणासारखा दिसतो.

प्रश्न: जमिनीलगत वाफा चालेल की उंच करावा? माती किती मागवावी?

उत्तर: काळ्या मातीत उंचच करा, ६ ते ९ इंच. जुलै-ऑगस्टच्या झडीत पाणी दोन-दोन दिवस तुंबतं आणि शेवंतीची मुळं तेवढ्यात सडतात. ४ × १० चा वाफा ९ इंच भरायला ३० घनफूट माती लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा पाव ब्रासहून थोडी जास्त. मुरूम घेऊ नका, तो वाटेसाठी ठीक. बांधकामाच्या राबिटाचे, चुन्याचे तुकडे आधी वेचून काढा. भिंतीलगत ते हमखास सापडतात आणि गुलाबाची पानं त्यामुळेच पिवळी पडतात. वरून २ इंच कुजलेलं शेणखत मिसळायचं, म्हणजे साधारण १३-१४ घमेली. चिकण माती सुटी व्हावी म्हणून चार घमेली वाळू टाकण्यात अर्थ नाही, ते काम खतच करतं. विटांच्या खालच्या थरात दर ३ फुटांवर एक सांधा सिमेंटविना सोडा, पाणी तिथून निघतं. एका पावसाळ्यात माती बसते, तेव्हा काठोकाठ भरा.

प्रश्न: खिडकीखाली, घराच्या भिंतीला चिकटून वाफा केला तर?

उत्तर: जोत्यापासून किमान २ फूट सोडा. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. रोज भिजणारी पट्टी पायाशी नको, शिवाय उधईलाही ओल आवडते. खिडकीला कूलर लागत असेल तर त्याच्या स्टँडचीही जागा धरा. टाकीतलं शिल्लक पाणी मात्र वाफ्यात ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरच्या जड पाण्यात तर आठवड्याभरात ते चांगलेच घट्ट होतात आणि पानांच्या कडा करपतात. पश्चिमेची भिंत असेल तर तिथे पट्टा करूच नका, रात्रीपर्यंत ती तापलेली असते.

प्रश्न: मे महिन्यात बोअर कमी पडते. तरी ४ × १० चा वाफा ठेवावा का?

उत्तर: ठेवा, पण पाण्याचा हिशेब आधी करा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. तुमचा वाफा ३.७ चौरस मीटर. थंडीत ३ मिलिमीटर धरले तर रोज ११ लिटर, नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) ७ मिलिमीटरच्या हिशेबाने २६. दोन बादल्या रोज जमत नसतील तर होळीनंतर फक्त एक तृतीयांश वाफा लागवडीखाली ठेवा. त्यात सदाफुली, चिनी गुलाब, गलांडा लावा आणि मातीवर ३ इंच पालापाचोळा अंथरा. बाकीचा खोदून उन्हात तापू द्या. जूनमध्ये त्याच भागात खत मिसळून झेंडूची रोपं लावता येतील.