पाणी-प्रश्न : क्लोरीनचा वास गेला, क्लोरोफॉर्मचे काय?

प्रश्न : पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो. त्यातून क्लोरोफॉर्म तयार होतो, असे वाचले. पाणी रात्रभर उघडे ठेवले तर पुरेल का? घरी आरओ आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला येतो तो वास क्लोरीनचा, क्लोरोफॉर्म एवढ्या अल्प प्रमाणात नाकाला कळत नाही. पावसात नदी-धरणात कुजका पाला, माती वाहून येते. त्यातल्या सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे, म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. १९७४ साली रॉटरडॅमच्या पाण्याच्या अभ्यासातून हे पुढे आले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक आयएस १०५०० नुसार क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे.

पाणी रात्रभर ठेवल्याने वास जाईल, पण क्लोरोफॉर्म जाईलच असे नाही. झाकलेल्या टाकीत क्लोरीन शिल्लक असेपर्यंत तो वाढतही राहतो. उकळण्याचा मात्र उपयोग होतो, कारण क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतो. झाकण काढून, खिडकी उघडी ठेवून पाणी पाच मिनिटे खळखळ उकळा. हॅलोॲसिटिक आम्ले हा क्लोरीनपासून होणाऱ्या उपपदार्थांचा दुसरा गट असा उडून जात नाही. जास्त वेळ आटवले तर उलट तो दाट होतो.

आरओच्या पडद्यातून क्लोरोफॉर्मचा लहान रेणू बऱ्यापैकी निसटतो. खरे काम पडद्याआधीचा कार्बन, म्हणजे सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज, करतो आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते. कार्बन क्लोरीन अडवत राहतो, पण क्लोरोफॉर्म धरण्याची त्याची ताकद कितीतरी आधी संपते. म्हणून वास येईपर्यंत थांबू नका; कार्ट्रिजवर लिहिलेले लिटर भरले की बदला. यूव्ही दिवा आणि साधी कँडल यांचा इथे उपयोग नाही. गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे संरक्षण उरत नाही, तेव्हा ते त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : टँकरचे पाणी गढूळ येते. तुरटी आणि मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) एकदमच टाकले तर चालेल?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. आधी पाणी कापडाने गाळा, तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचे निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. मगच बाटलीवरच्या प्रमाणात मेडिक्लोर घालून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात घातलेले क्लोरीन सेंद्रिय द्रव्यावरच खर्च होते: जंतू राहतात आणि उपपदार्थ वाढतात. उरलेले क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत फिकट पिवळा रंग यायला हवा; लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरले पाहिजे. रंग लगेच, दहा सेकंदांत पाहा. उशिरा दिसणाऱ्या रंगात संयुक्त क्लोरीनही, म्हणजे अमोनियासारख्या द्रव्यांशी जोडले गेलेले क्लोरीनही, मोजले जाते. चाचणीचे पाणी पिऊ नका.

प्रश्न : मग क्लोरीनच बंद केले तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नको. कॉलरा, कावीळ काही दिवसांत किंवा आठवड्यांत गाठतात. उपपदार्थांचा धोका वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आहे. गरम पाण्याने अंघोळ करताना मात्र न्हाणीघराची खिडकी उघडी असू द्या, क्लोरोफॉर्म वाफेबरोबर श्वासातही जातो.