ठिसूळ हाडात स्क्रू धरेल का?

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. न्हाणीघरात पाय मुरगळून घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. हाडं ठिसूळ आहेत. डॉक्टर लॉकिंग प्लेट बसवणार आहेत, पण सूज उतरेपर्यंत थांबलेत. स्क्रू निसटतील का?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. साध्या प्लेटची मदार स्क्रूच्या हाडातल्या पकडीवर असते. घोट्याच्या टोकाशी हाड मऊ, शिवाय सांध्यात शिरू नये म्हणून स्क्रू आखूड ठेवावा लागतो. ठिसूळ हाडात तो नुसता फिरत राहतो, आवळलाच जात नाही. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटच्या भोकात घट्ट बसतात आणि सगळ्यांची मिळून एक चौकट होते. एकटा स्क्रू सहसा उपटून येत नाही. तरी पकड कमी वाटली तर काही स्क्रू लांब घेऊन शेजारच्या नडगीच्या हाडात नेतात.

थांबणं योग्यच. इथली कातडी पातळ. सुजेवर चीर दिली तर जखम उकलून प्लेट उघडी पडू शकते. कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत, बहुधा ७ ते १४ दिवस, पाय उशांवर उंच ठेवा. मधुमेह असेल तर साखर आताच आटोक्यात आणा.

भार कधी टाकायचा, हे शस्त्रक्रियेआधीच विचारा. अनेकदा ६ आठवडे पाय टेकू देत नाहीत, आणि या वयात वॉकर घेऊन एका पायावर चालणं फार अवघड जातं. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी मात्र विसरू नका. प्लेटने हाडाचा ठिसूळपणा जात नाही.